पहिला की दुसरा?

नानाखेडा, उज्जैन
३ जुलै १९९५

अहो,

हसू नका. नानाखेड्याहून माधवनगरात पोस्टाने पत्र टाकणारी बाई या गावात बहुतेक मी पहिलीच असेन. टेम्पोत बसलं की घर येतं, पण मला टेम्पोत बसायचं नाही. आणि फोन करायचा नाही हे मी इथे आल्या आल्या तुमच्या ताईंना सांगून टाकलंय. फोन का नको, ते आता तुम्हाला माहीत आहे. चार लोकांसमोर माहीत झालं, त्याला मी काय करू?

आधी कामाचं लिहिते. दूधवाल्या भैयाला अर्धाच लीटर द्यायला सांगितलंय. गॅसची टंकी संपत आलीय, भरलेली मागच्या व्हरांड्यात आहे. रेग्युलेटर लावताना उगाच जोर करू नका, तो दोन्ही बाजूंनी दाबायचा असतो. कोणी विचारलं तर सांगा, ताईंचे गुडघे दुखतात म्हणून जयू तिकडे गेलीय. ताईंचे गुडघे ठणठणीत आहेत, आज सकाळीच त्या पायी मंडईत जाऊन आल्या. पण लोकांना काहीतरी सांगावं लागतं ना, आणि ते तुम्हाला चांगलं जमतं.

कालचं मीच लिहून ठेवते, कारण तुम्ही ते तुमच्या सोयीने आठवाल. रविवारची मंडळी जमली होती. मुळेभावजी, तुमचे बँकेतले दोघं. मी चहा घेऊन आले तर तुम्ही स्पीकरसमोर उकिडवे बसलेले. उजव्या बाजूचा आवाज फाटला होता म्हणे. तुम्ही विचारलंत, “कोणी हात लावला होता?” मी म्हटलं, “मी.” मग तुम्ही माझ्याकडे पाठ करून स्पीकरच्या जाळीशी तोंड नेऊन काहीतरी विचारलंत. मला कळलं नाही. पुन्हा विचारलंत, पुन्हा नाही कळलं. मग तुम्ही वळलात आणि ओरडलात, “बहिरी आहेस का तू?”

मी म्हटलं, “हो.”

ते ‘हो’ तोंडातून गेल्यावर मला कसं मोकळं वाटलं म्हणून सांगू! मुळेभावजींनी कप खाली ठेवला. बँकेतले दोघं चपला शोधायला लागले. आणि तुम्ही? कधीपासून, कोणत्या कानाने, दुखतं का, एक अक्षर विचारलं नाहीत. तुम्ही त्या काळ्या डब्याकडे बघत म्हणालात, “मग हा ॲम्प्लिफायर निवडला कोणी?”

हे मात्र मला नीट कळलं. तुमचं तोंड माझ्या बाजूला होतं.

तर मी इथे आहे. माझ्या आईची गोधडी तुम्ही भिंतीवर ठोकली आहे, ती खिळे काढून कोणाच्या तरी हाती पाठवून द्या. ताईंकडे पांघरुणं आहेत, पण मला ती हवी.

जयू

नानाखेडा
१३ जुलै

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. मी ते उलटून पालटून वाचलं, कुठे कोपऱ्यात ‘तब्येत कशी आहे’ लिहिलंय का म्हणून. नाही लिहिलेलं. लिहिलंय ते असं: “दुकानदार ॲम्प्लिफायर महिनाअखेरपर्यंत बदलून द्यायला तयार आहे. निवडीच्या दिवशी तुला अजिबात ऐकू येत नव्हतं की थोडंफार येत होतं? प्रामाणिकपणे कळव.” आणि खाली गोधडीबद्दल, की ती काढली तर खोलीत आवाज घुमतो, तेव्हा आठवडाभर थांब.

ताईंना दाखवलं कार्ड. त्या डोक्याला हात लावून म्हणाल्या, “श्री लहानपणापासून असाच गं. स्वतःचं ऐकवायचं, दुसऱ्याचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.” मला हे त्यांनी समोर बसून, सावकाश, तोंड न झाकता सांगितलं. मी काही शिकवलं नव्हतं त्यांना. पहिल्या दिवशी एकदा विचारलं, “कसं बोलले म्हणजे तुला कळतं?” आणि तेव्हापासून तशाच बोलतात. एवढं सोपं असतं हो ते.

तर प्रामाणिकपणे कळवते.

मे महिन्यात इंदूरचा तो दुकानदार गाडीतून दोन डबे घेऊन आला. एक आपल्याकडचा, एक बाहेरचा दीडशे वॅटचा. बाजार खुला झाला, बाजार खुला झाला म्हणून तुम्ही पेपर वाचून दाखवायचात, त्याचा आपल्या घराला झालेला फायदा तो हाच. मंडळी जमली. मला नेहमीसारखं मधल्या खुर्चीत बसवलंत. दोन्ही स्पीकरांच्या बरोब्बर मध्ये, हलायचं नाही. एक तुकडा वाजवलात, तार बदललीत, तोच तुकडा पुन्हा वाजवलात आणि मागे हात बांधून विचारलंत, “पहिला की दुसरा?”

पहिल्याला तुम्ही छताकडे बघत होता. दुसऱ्याला तुमच्या भुवया वर गेल्या आणि खालचा ओठ दातात आला. मी म्हटलं, “दुसरा.”

सगळे वा वा करायला लागले. तुम्ही मुळेभावजींच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, “मीटर खोटं बोलेल, जयूचा कान नाही बोलणार!” मला काय ऐकू आलं म्हणता? घुंईऽऽ असं काहीतरी आलं. पहिल्यालाही घुंई, दुसऱ्यालाही घुंई. गाणारी बाई होती की बुवा, तेही मला रेकॉर्डच्या वेष्टनावरून कळलं.

आणि हे काही मे महिन्यातलं नाही. सुई बदललीत तेव्हा विचारलंत, वायर बदललीत तेव्हा विचारलंत, स्पीकरखाली फरशीचे तुकडे घातलेत तेव्हाही विचारलंत. सुरुवातीला मला खरंच फरक कळायचा. मग हळूहळू तंबोरा गेला, मग शब्द गेले. उत्तर मात्र तुमच्या तोंडावर दरवेळी मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, ते मी वाचायची. तुम्हाला माझा कान हवाच कुठे होता? तुम्हाला ‘बरोबर’ म्हणणारं माणूस हवं होतं. ते मी होते, चहासकट.

सांगितलं नाहीस म्हणू नका. दोनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणालात, “मळ असेल, कोमट तेल घाल.” दुसऱ्यांदा म्हणालात, “लक्ष नसतं तुझं,” आणि पुढची रेकॉर्ड लावलीत. तेल घातलं मी. महिनाभर उशा तेलकट करून घेतल्या.

तेव्हा दुकानदाराला काय सांगायचं ते सांगा. तुमचा ॲम्प्लिफायर तुम्हीच निवडलेला आहे. चांगला आहे की वाईट, तो तुमचा प्रश्न.

जयू

नानाखेडा
२४ जुलै

अहो,

आज सवारी आहे. ताई देवाच्या पालखीच्या दर्शनाला गेल्या आहेत, मी गर्दीला भिऊन घरीच राहिले. गर्दीत मागून कोण काय सांगतं ते कळत नाही, लोक ढकलतात आणि वर ‘सुनाई नहीं देता क्या अम्मा’ म्हणतात. त्यांचं चुकत नाही.

तुमचं दुसरं कार्ड आलं. यावेळी विचारलंय, की स्पीकर फोडण्यामागे माझा काय हेतू होता. हेतू! जसा काही मी पाटा घेऊन त्यात घातला. ऐका तर मग.

तुम्ही बँकेत गेलेला होता. मी खोली पुसत होते. तुमचा तो डबा, कानामागून आला आणि तिखट झाला, त्याच्यासाठी माझा देव्हारा स्वयंपाकघरात गेला. त्याच्यावरची धूळसुद्धा तुमच्या त्या मऊ फडक्यानेच पुसायची. पुसता पुसता वाटलं, बघावं तरी लावून. एवढ्या वर्षांत मी कधी स्वतःच्या हाताने लावलं नव्हतं. तुम्ही लावायचात, मी बसायची.

रेकॉर्ड लावली. घुंई. मग ते मोठं बटण थोडं फिरवलं. मग अजून थोडं. तुम्ही ते कधी घड्याळातल्या नऊच्या खुणेपुढे नेत नाही. मंडळींना सांगता, “ताकद आवाज चढवायला नसते हो, ताकद राखून ठेवायची असते. मोठ्याने ऐकतात ते बँडवाले.” मी नेलं पुढे. आणि एकदम, काय सांगू, तंबोरा आला! आधी छातीत आला, मग खुर्चीच्या हातात, आणि मग कानात. मग ती बाई गायला लागली आणि मला तिचे शब्द कळले हो! ‘सखी’ म्हणाली ती. मी मोठ्याने म्हटलं, “अगं बाई!” आणि तिथेच फरशीवर, हातातल्या ओल्या फडक्यासकट बसले आणि रडले. चांगलं मनसोक्त रडले.

शेजारच्या भाभीजी दार ठोठावत होत्या, ते मला कुठलं कळायला. खिडकीतून हात हलवताना दिसल्या तेव्हा दार उघडलं. त्या घाबरून म्हणाल्या, “क्या हुआ भाभी, सब ठीक तो है?” मी म्हटलं, “सब ठीक है, गाना सुन रही हूँ.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशीही लावलं. तिसऱ्या दिवशीही. तुमच्या येण्याच्या वेळेआधी बटण होतं तिथे आणून ठेवायचं. तुमच्या जुन्या स्पीकरांना ते पेललं नाही, यात माझा हेतू एवढाच की मला गाणं ऐकायचं होतं. त्या घरात ऐकायची परवानगी आहे असं मी समजत होते.

एका रात्री जेवताना तुम्हाला म्हटलंही होतं, “थोडं मोठं लावाल का?” तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, “जयू, तुझ्यासारख्या कानाच्या माणसाने असं गावंढळासारखं बोलू नये.” त्यानंतर मी विचारलं नाही.

ताईंनी मला फ्रीगंजच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका खोलीत बसवून कानाला झाकणं लावली, शिट्ट्या वाजवल्या, ऐकू आली की मी बोट वर करायचं. बराच वेळ माझं बोट वर गेलंच नाही. डॉक्टर ताईंना म्हणाले, “माताजी, इतने साल घर में किसी को पता नहीं चला?” ताई फीचे पैसे मोजायला लागल्या. भावाची लाज राखली त्यांनी.

मशीन लागेल म्हणाले. कानामागे बसतं, केसांखाली जातं. इंदूरहून येईल.

जयू

नानाखेडा
२ ऑगस्ट

अहो,

काल तुम्ही ताईंशी फोनवर बोललात म्हणे. ताई म्हणाल्या, “श्रीचा आवाज उतरलाय. नीट जेवत नाही बहुतेक. आणि म्हणाला, ये म्हणावं तिला आता.”

‘ये म्हणावं तिला.’ एवढंच. पण मी ते ताईंकडून दोनदा म्हणवून घेतलं. हसल्या त्या मला.

खरं लिहू? मलाही इथे किती दिवस राहायचं याचा विचार पडला होता. ताई प्रेमाच्या आहेत, पण घर त्यांचं आहे. सकाळी उठले की आधी मला तुमचा चहा आठवतो, त्यात साखर कमी घालायची ते आठवतं, मग स्वतःचाच राग येतो. राग धरायलाही अंगात बळ लागतं, ते या वयात पुरत नाही. गोधडीही पाठवलीत शेवटी. भोकं पडलीत खिळ्यांची, मी रफू करीन.

माझं म्हणणं एकच आहे. मशीन आलं की मी ते लावणार, दिवसभर, घरात आणि बाहेर. मला तुमची मंडळी, शेजारच्या भाभीजी, पुण्याहून फोन करणारी आपली गौरी, सगळ्यांशी बोलायचंय. गौरीचा फोन आला की मी ‘हो हो, बरं बरं, घे बाबांशी बोल’ म्हणते आणि रिसीव्हर तुम्हाला देते. मुलीला वाटतं, आईला आपल्याशी बोलायला वेळ नाही. तिने तसं ताईंना सांगितलंही. हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

तेवढं तुम्ही मान्य करा. तुमचा डबा ठेवा, बदला, अजून एक आणा, देव्हारा कुठे हलवायचा तो हलवा. मी काही म्हणणार नाही. राखीला तुम्ही ताईंकडे येणारच आहात. ओवाळून झालं की मला घेऊन चला. मशीन राखीनंतर येईल म्हणतायत, मी नंतर येऊन घेऊन जाईन. मी पिशवी भरून ठेवते.

जयू

नानाखेडा
११ ऑगस्ट

अहो,

काल तुम्ही बराच वेळ बाहेर बसून राहिलात. ताईंनी दोनदा आत येऊन बघितलं, मी दार लावून घेतलं होतं. शेवटी तुम्ही गेलात. जाताना ताईंना म्हणालात, “हिचं काही कळत नाही. आधी ये म्हणते, मग दार लावून बसते.” बरोबर आहे, तुम्हाला कारण कळायला हवं. म्हणून हे शेवटचं पत्र लिहिते.

मशीन आठवडाभर आधीच आलं होतं. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, राखीच्या दिवशी लावून बसू आणि तुम्ही काहीतरी बोललात की पटकन उत्तर देऊ. तुमची भंबेरी उडालेली बघायची होती मला. इतकं पोरकट काही माझ्या मनात येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

मशीन लावलं तेव्हा पहिल्यांदा मला माझ्याच बांगड्या ऐकू आल्या. मग ताईंचा कुकर, मग रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि मी दचकले. संध्याकाळी ताईंनी गौरीला फोन लावून दिला. मी म्हटलं, “गौरी, बोल. मला सगळं ऐकू येतंय.” ती रडायलाच लागली. तिचं रडणंही ऐकू आलं. आम्ही खूप वेळ बोललो. तिच्या धाकट्याने मला गणपतीची आरती म्हणून दाखवली, निम्मी चुकीची. इतकी मजा वाटली ना!

काल सकाळी मी अंबाडा जरा खाली घातला, म्हणजे कानामागचं दिसणार नाही. ती जांभळी साडी नेसले. तुम्ही आलात, ताईंनी ओवाळलं, राखी बांधली. मी पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आले आणि तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, मान हलवलीत. मला वाटलं, आता बोलतील. आणि तुम्ही ताईंकडे वळलात आणि बोलायला लागलात. मी तिथेच उभी होते. तुमच्या हाताच्या अंतरावर.

तुम्ही म्हणालात, “ताई, ते मशीनचं खूळ हिच्या डोक्यातून काढ बाई. घरात आम्ही दोघं असू तेव्हा घालू दे. पण रविवारी मंडळी येतात. माझ्या घरात बायको कानात यंत्र घालून चहा देतेय, कसं दिसेल ते? मुळे आधीच मागे हसतो माझ्या. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की तिला काही झालेलं नाही, त्या दिवशी चिडून बोलली.”

ताई काहीतरी म्हणायला गेल्या, माझ्याकडे बघायला लागल्या. तुम्हाला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून बघतायत. तुम्ही म्हणालात, “अगं, तिला ऐकू येत नाही. बोल तू.” आणि पुढे, “दुकानदाराने दुसरा डबा आणलाय. या रविवारी पुन्हा बसवतो हिला खुर्चीत, सगळ्यांसमोर. मी करीन खूण. ‘दुसरा’ म्हणायचं, बस. एकदा म्हणाली की विषय संपला, सगळ्यांची तोंडं बंद. मग तिला हवं ते करू दे. समजावून सांग तिला, तुझं ऐकते ती.”

मग तुम्ही मला उद्देशून, तोंडाचा मोठा चंबू करून, मोठ्याने म्हणालात, “जयू, निघायचं ना?”

मी आत गेले आणि पिशवी रिकामी केली.

मला तुमच्यावर ओरडता आलं असतं. ताई म्हणाल्याही, “अगं, सांगायचं तरी की ऐकलं म्हणून!” पण सांगून काय झालं असतं? तुम्ही चपापला असता, माफी मागितली असती, आणि मग पुढच्या वेळी माझ्यासमोर न बोलता शेजारच्या खोलीत जाऊन बोलला असता. आत्तापर्यंत मला वाटायचं, यांना माहीत नव्हतं म्हणून. कळलं की करतील. इतकी वर्षं मी त्याच आशेवर काढली. आता तुम्हाला माहीत आहे, आणि माहीत असून तुम्हाला मी बहिरीच बरी वाटते. मला माझा कान तुमच्या मंडळींसाठी काढून डबीत ठेवायचा नाही.

ताईंनी मागची खोली मला दिलीय. इथल्या बायका भजनाला बोलावतात, मी जाते. गौरीला मी सगळं सांगितलंय, तुम्ही काही वेगळं सांगायच्या भानगडीत पडू नका. मला न्यायला येऊ नका, मुळेभावजींना मध्ये घालू नका. ताईंना भेटायला हवं तेव्हा या, त्या तुमच्या बहीण आहेत. मी चहा करून देईन आणि आत जाईन.

एक मात्र सांगायचं राहिलं. कितीतरी वर्षांनी काल मी तुमचा आवाज नीट ऐकला. गोड आहे हो अजून, लग्नात होता तसाच. एक शब्दही सुटला नाही.

जयू